माल ओळखतात, पण पर्याय सुचत नाही: मेंदूच्या दुखापतीनंतर अर्थस्मृती आणि अमूर्त विचार यांची एक गुंतागुंत

पार्श्वभूमी

४७ वर्षांचे गृहस्थ. मूळ गाव सातारा जिल्ह्यात, शिक्षण नववीपर्यंत, राहायला कोपरखैरणे. तरुणपणापासून तुर्भ्याच्या घाऊक मसाला बाजारात एकाच गाळ्यावर नोकरी. तिथे सगळे त्यांना मेहताजी म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणते. कुटुंबाची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मेहताजींचं काम वहीपुरतं नव्हतं. आलेल्या गोणीत हात घालून माल कसा आहे ते सांगायचं, कोणत्या गिऱ्हाइकाला काय चालेल ते ठरवायचं, एखादी जिन्नस संपली असेल तर तिच्या जागी दुसरं काय द्यायचं ते सुचवायचं, आणि कुणाला किती दिवस उधारी द्यायची यात शेठना सल्ला द्यायचा. शेठ गावाला गेले की गाळा तेच चालवायचे.

जुलैच्या पावसात, रात्री, ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पोची धडक बसून ते स्कूटरवरून पडले. रुग्णालयात आणलं तेव्हा ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजायच्या मापावर, १५ पैकी १० गुण होते. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फ्रंटल लोबच्या (कपाळामागचा मेंदूचा भाग) तळाशी आणि डाव्या टेंपोरल लोबच्या (कानाजवळचा भाग) टोकाला रक्त साकळलेलं दिसलं. डोक्याला मार बसलेल्यांमध्ये हे नेहमी दिसणारं चित्र आहे. कवटीचा तळ या दोन ठिकाणी खडबडीत असतो, आणि मेंदू आत हिंदकळला की नेमके हेच भाग घासले जातात. शस्त्रक्रिया लागली नाही. तीन आठवड्यांनी ते घरी आले. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या वर एकच शेरा होता: मेमरी लॉस.

अडचण

ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा गाळ्यावर जाऊ लागले आणि पंधरवड्यातच शेठनी मुलाला बोलावून घेतलं. तक्रारी तीन होत्या. मेहताजींनी रामपत्री मिसळलेली जायपत्री चांगली म्हणून उतरवून घेतली. जुन्या गिऱ्हाइकांची नावं त्यांना आठवत नाहीत. आणि तिसरी, शेठच्या शब्दांत, "डोकं चालवत नाहीत." एका हॉटेलवाल्याने फोनवर बेडगी मिरची मागितली, रस्सा लाल दिसावा, तिखट नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. बेडगी संपली होती. काश्मिरीची गोणी शेजारीच होती. मेहताजी "बेडगी नाही" म्हणाले आणि फोन ठेवला.

घरीही तेच. पाहुणे आले म्हणून पत्नीने दूध आणायला पाठवलं, तर दुकान बंद आहे म्हणून हात हलवत परत आले. पलीकडच्या गल्लीत दुसरं दुकान आहे हे त्यांना ठाऊक होतं. "मॅडम, मला वाटायचं हे मुद्दाम करतात," असं त्या म्हणाल्या. हे सांगताना त्यांना रडू कोसळलं.

कार्डावरच्या शेऱ्यामुळे या सगळ्या गोष्टी "विसरतात" या एकाच खात्यावर पडल्या. मुलाने वडिलांच्या मोबाइलवर स्मरणशक्तीचे खेळ टाकून दिले होते. पण सकाळी काय खाल्लं, काल कोण भेटायला आलं, सोमवारी धन्याचा भाव काय फुटला होता, हे मेहताजी न अडखळता सांगत. एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ साली जी फोड करून दाखवली तिच्या भाषेत सांगायचं तर प्रसंगस्मृती, म्हणजे घडलेल्या घटनांची आठवण, बऱ्यापैकी शाबूत होती. मग बिघाड अर्थस्मृतीत होता का? जायपत्री म्हणजे काय, बेडगी कशी असते, हे जगाचं ज्ञानच पुसलं गेलं होतं का? की ज्ञान जागेवर होतं आणि प्रसंग पाहून त्यातलं हवं ते उचलणं जमत नव्हतं? या दोन्हींवरचे उपाय सारखे नाहीत, म्हणून आधी हे ठरवणं भाग होतं.

तपासणी

सुरुवात वासापासून केली. डोळे मिटायला सांगून एकेका नाकपुडीसमोर कॉफीची पूड, वेलदोडा, साबण धरला. एकही ओळखता आला नाही. समोर काही धरलंय एवढंसुद्धा कळलं नाही. घरच्यांना हे पटेना, कारण मिरचीची गोणी उघडली की मेहताजी शिंकतात. पण मिरचीचा ठसका म्हणजे वास नव्हे. नाकातली ती जळजळ ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्याच नसेतून मेंदूकडे जाते. वासाचे तंतू नाकाच्या छतातल्या सच्छिद्र हाडातून वर जातात आणि डोकं जोरात आपटलं की तिथेच तुटू शकतात.

जायपत्रीचा घोळ इथेच उलगडला. रामपत्री म्हणजे काय असं विचारल्यावर मेहताजी लगेच म्हणाले, "जायपत्रीत मिसळतात. रंगाने गडद, वास नाही, भाव कमी." अख्ख्या पाकळ्या समोर ठेवल्या तेव्हा त्यांनी दोन्ही बरोबर वेगळ्या केल्या. तुकडे मिसळून दिल्यावर मात्र चुकले. असे तुकडे पूर्वी ते बोटात चोळून हुंगत. म्हणजे ज्ञान पक्कं होतं. ते लावायला लागणारं नाक गेलं होतं.

मग नावं. मुलाने आणलेल्या फोटोंतला एक दाखवला. "हे पनवेलचे. खानावळ आहे. धने-जिरे नेतात, पैसे रोख." नाव मात्र नाही. पहिलं अक्षर सांगितलं की बहुतेक वेळा नाव येई. डाव्या टेंपोरल लोबच्या टोकाला इजा झालेल्यांना माणसांची नावं सापडत नाहीत, हे हॅना डमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं आहे, आणि मेहताजींचा स्कॅन त्याच जागेकडे बोट दाखवत होता. माणूस कोण हे माहीत, फक्त नावापर्यंतची वाट अडलेली.

तिसरी तक्रार सगळ्यांत महत्त्वाची होती आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ दिला. एका ताटात लवंग, वेलदोडे, दालचिनी, मिरी, जिरे, धने, हळकुंड, बेडगी मिरची आणि तिरफळ ठेवलं. "जे एकत्र जातं ते एकत्र करा." त्यांनी रंगाप्रमाणे गट केले, नीटनेटके. "आता दुसऱ्या तऱ्हेने करा." बराच वेळ ते ताटाकडे बघत बसले. मग तेच गट थोडे सरकवून ओळी सरळ केल्या. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "झाले की वेगळे." एकदा एका निकषावर गट केले की तो सोडून दुसरा धरता येतो का, हे पाहायची ही पद्धत एगोन वाइगल यांनी १९२७ साली रंग आणि आकाराच्या तुकड्यांवर वापरली होती. आम्ही ती त्यांच्या हातातल्या मालावर वापरली.

मग प्रश्न बदलला. "शेठच्या घरी बिर्याणी आहे. यातलं काय पाठवाल?" क्षणात लवंग, वेलदोडे, दालचिनी, मिरी, जिरे बाजूला. "मालवणी माशाच्या कालवणाला?" मिरची, धने, तिरफळ, हळकुंड. एकही चूक नाही. कामाने निकष ठरवून दिला की माल आपोआप गटात बसत होता. निकष स्वतःच शोधायचा किंवा बदलायचा म्हटलं की सगळं थांबत होतं.

साम्याच्या प्रश्नांतही तेच दिसलं. लवंग आणि दालचिनीत सारखं काय? "लवंग कळी आहे, दालचिनी साल आहे." उत्तर अगदी अचूक, पण विचारलं होतं त्याच्या उलट. "खडा मसाल्यात काय काय येतं?" असं विचारलं, तर त्यांनी यादीच म्हटली आणि त्यात दोन्ही होते. वर्गाकडून वस्तूकडे येता येत होतं, वस्तूंकडून वर्गाकडे जाता येत नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या दोन उत्तरांत आहे.

म्हणींच्या बाबतीत एक सापळा असतो. "उथळ पाण्याला खळखळाट फार" याचा अर्थ मेहताजींनी बिनचूक सांगितला. तेवढ्यावर थांबलो असतो तर अहवालात अमूर्त विचार ठीक असं आलं असतं. पण ओळखीच्या म्हणीचा अर्थ आपण लहानपणी पाठ केलेला असतो. तो अर्थस्मृतीतून तयार येतो, त्यासाठी विचार करावा लागत नाही. म्हणून तपासणीपुरतं एक वाक्य रचून विचारलं: ओल्या लाकडांची मोळी जड, पण चूल पेटेना. मेहताजी म्हणाले, "ओलं लाकूड पेटत नाहीच, नुसता धूर होतो. वाळवून घ्यायला पाहिजे."

मात्र अशा उत्तरावरून लगेच दुखापतीचा निष्कर्ष काढणंही चूक. अलेक्सांद्र लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय असं विचारलं. हत्यारं एका बाजूला आणि ओंडका वेगळा, असं कित्येकांनी केलंच नाही. ओंडक्याशिवाय कापणार काय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या मेंदूला काहीही झालेलं नव्हतं. शिक्षण आणि रोजचं काम यांनी विचाराची घडण ठरते. म्हणून गाळ्यावरच्याच, जवळपास तेवढंच शिकलेल्या आणि साधारण त्याच वयाच्या एका सहकाऱ्याला हेच ताट दिलं. त्यांनी रंग, मग खडा मसाला आणि रोजचा मसाला, मग महाग आणि स्वस्त, असे गट न सांगता पाडले. साम्याच्या प्रश्नाला हसून म्हणाले, "दोन्ही खडा मसालाच की." तेव्हाच मेहताजींतला फरक दुखापतीचा आहे असं म्हणायला आधार मिळाला.

शेवटची तपासणी शब्दांची. "पत म्हणजे काय?" मेहताजी अडकले. "बाजारात त्यांची पत आहे, असं कुणी म्हणालं तर?" लगेच उत्तर आलं: "उधार द्यायला हरकत नाही, बुडवणार नाहीत." अमूर्त शब्दाचा अर्थ प्रसंगागणिक सरकत असतो, म्हणून तो सुटा विचारला की निवड करणाऱ्या यंत्रणेवर जास्त भार पडतो आणि वाक्याचा आधार दिला की कमी होतो. पॉल हॉफमन, एलिझाबेथ जेफरीज आणि मॅथ्यू लॅम्बन राल्फ यांनी २०१० साली हे फ्रंटल लोबच्या बाजूच्या भागाशी जोडून दाखवलं आहे.

निदानाचा निर्णय

पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना फ्रँकफर्टमध्ये तपासताना कुर्ट गोल्डस्टाइन आणि आडेमार गेल्ब यांनी असेच रुग्ण पाहिले होते: समोरच्या मूर्त गोष्टीत तरबेज, पण तिच्यापासून एक पाऊल मागे येऊन विचार करता न येणारे. गोल्डस्टाइन यांनी याला अमूर्त वृत्तीचा लोप म्हटलं आणि शब्द हरवण्यामागेही तोच धरला. ते सरसकट खरं नाही, हे एलिझाबेथ वॉरिंग्टन यांच्या १९७५ च्या अभ्यासातून कळलं. त्यांच्या रुग्णांमध्ये ज्ञानाचा साठाच झिजत चालला होता, आणि त्यातल्या एकाला तर आर्जव अशा अर्थाचा अमूर्त शब्द समजावून सांगता येत होता, पण गवतासारख्या साध्या वस्तू सांगता येत नव्हत्या. म्हणजे साठा आणि अमूर्त विचार वेगवेगळे बिघडू शकतात.

पुढे २००६ मध्ये जेफरीज आणि लॅम्बन राल्फ यांनी दोन प्रकारचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. साठा गेलेला रुग्ण एकाच वस्तूवर प्रत्येक चाचणीत अडतो आणि पहिलं अक्षर सांगून त्याला फारसा उपयोग होत नाही. साठा शाबूत असून नियंत्रण गेलेला रुग्ण त्याच वस्तूवर एकदा अडतो, एकदा नाही. आणि सूचना दिली की त्याची वाट मोकळी होते. मेहताजी उघडच दुसऱ्या बाजूला होते. कुटुंबाला मी एवढंच सांगितलं: गोदाम भरलेलं आहे, मागणी बघून माल काढून देणारा माणूस आजारी आहे.

पर्याय

स्मरणशक्तीचे खेळ चालू ठेवणं हा सोपा पर्याय होता, पण ते सोडवतात तो प्रश्न इथे नव्हताच. वस्तूंची ओळख पुन्हा शिकवणं हा दुसरा. अर्थस्मृती खरोखर गेली असती तर रोजच्या निवडक वस्तू चुका होऊ न देता घोटून घेणं योग्य ठरलं असतं, मात्र तो फायदा सहसा घोटलेल्या वस्तूंपुरताच राहतो. बंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत नेऊन सविस्तर तपासणी करावी असं मुलाला वाटत होतं. तो विचार सोडला नाही, पण नोकरीचा प्रश्न तोवर थांबणार नव्हता.

खरी ओढाताण नोकरीची होती. शेठना दिवाळीआधी उत्तर हवं होतं. ते मेहताजींना नुसत्या वहीवर बसवायला तयार होते, पगार थोडा कमी करून. ते सुरक्षित होतं, कारण हिशेब शाबूत होता. कुटुंब जवळजवळ हो म्हणणार होतं. मी विरोध केला. वहीवर बसलेल्या माणसाला पर्याय सुचवायची वेळच येत नाही, आणि जे वापरायचंच नाही ते सुधारणार कसं? शेवटी मधला मार्ग निघाला: सकाळचे काही तास माल तपासणी, तीही सहकाऱ्याबरोबर, फोनवरच्या मागण्या ठरलेल्या पद्धतीने, उधारीचे निर्णय तूर्त अजिबात नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. शेठनी पूर्ण पगार दिला, हे नोंदवलंच पाहिजे.

काय केलं

माल उतरवताना हुंगायचं काम सहकाऱ्याचं, बघायचं मेहताजींचं. घरात गॅस गळतीची सूचना देणारं यंत्र बसवलं, कारण सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम दिलेला वासही त्यांना येणार नव्हता. नावांसाठी मोबाइलमध्ये फोटो आणि नावांची यादी केली आणि वाढत्या अंतराने उजळणी ठेवली.

अमूर्त विचाराचं काम ताटावरच सुरू झालं. आधी निकष आम्ही द्यायचो: रंग देणारं आणि न देणारं. मग दोन निकषांतून त्यांनी निवडायचं. मग त्यांनी स्वतः शोधायचा. ही तिसरी पायरी फार दिवस जमली नाही, आणि त्या काळात ते चिडत, ताट सरकवून देत. एकदा त्यांनी कुणी न सुचवता हळकुंड आणि मिरची एकीकडे ओढली आणि म्हणाले, "ही पावसात लवकर बुरशी धरतात." हा निकष आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हता.

गाळ्यावर फोनशेजारी एक कार्ड लावलं. त्यावर तीन प्रश्न: कशासाठी हवंय? त्यातला कोणता गुण हवाय? तो गुण आणखी कशात आहे? जिन्नस नसेल तर फोन ठेवण्याआधी हे मोठ्याने वाचायचे. मोठ्याने वाचण्यावर मेहताजी रागावले, चारचौघांत लाज वाटते म्हणाले. शेठनी स्वतःही तसंच वाचायला सुरुवात केली तेव्हा तो प्रश्न मिटला.

परिणाम

घरोघरी वर्षाचा मसाला करायचे दिवस आले, म्हणजे मार्च-एप्रिल, तोवर मेहताजी फोनवरच्या बहुतेक मागण्या एकट्याने सांभाळत होते. बेडगीच्या जागी काश्मिरी आता ते कार्डाकडे न बघता सुचवतात. ताटावर दोन-तीन तऱ्हांनी गट पाडतात. सराव केलेली नावं येतात, नवीन गिऱ्हाइकांची अडतात. वास परतलेला नाही, आणि एवढ्या काळानंतर तो परतण्याची आशा फार कमी.

रचलेल्या म्हणींचा अर्थ अजूनही शब्दशः येतो. आणि गाळ्यावर शिकलेलं घरी आपोआप आलं नाही. दूध नाही मिळालं तर ते अजून रिकाम्या हाताने येत. घरासाठी पत्नीने वेगळं कार्ड केलं, त्यावर त्यांच्या रोजच्या प्रसंगांची उदाहरणं लिहिली, तेव्हा फरक पडू लागला. उधारीचा सल्ला शेठ अजून घेत नाहीत. मेहताजींना ते लागतं. "माझ्यावर भरवसा राहिला नाही," असं ते म्हणतात, आणि त्यावर आमच्याकडे त्यांना बरं वाटेल असं उत्तर नाही. गिऱ्हाइकाची पत जोखताना न दिसणाऱ्या चार गोष्टी मनात एकत्र धराव्या लागतात, आणि त्यांना अजूनही तेच सर्वांत जड जातं.

वेगळं काय करता येईल

डोक्याला मार बसलेल्या प्रत्येकाचा वास रुग्णालयातच तपासता येतो. कॉफीची पूड आणि दोन मिनिटं पुरतात. मसाल्याच्या व्यापारातला माणूस, स्वयंपाकी, अत्तरवाला यांच्यासाठी तर ते रक्तदाबाइतकंच आवश्यक धरायला हवं. डिस्चार्ज कार्डावर "मेमरी लॉस" ऐवजी कोणती स्मृती, आणि माणूस काय करू शकतो व काय नाही, अशा दोन ओळी असत्या तर कुटुंबाचे तीन महिने वाचले असते. घरचा सराव गाळ्याच्या सरावाबरोबरच सुरू व्हावा, कारण या रुग्णांत एका जागचं कौशल्य दुसरीकडे स्वतःहून जात नाही. हे नियंत्रणाच्या बिघाडाचंच लक्षण आहे, आळस नव्हे. गाळ्यावरच्या सहकाऱ्याला ताट देण्याचं काम पहिल्याच भेटीत करता येण्यासारखं आहे. पुस्तकी मानकांपेक्षा तशी तुलना इथे जास्त उपयोगी पडली.

अपघाताच्या भरपाईचा दावा ठाण्याच्या न्यायाधिकरणात चालू आहे. अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या निकालात स्पष्ट केलं आहे. हातपाय धड, बोलणं स्वच्छ, हिशेब अचूक, असा माणूस समोर उभा राहिला तर नुकसान दिसतच नाही. म्हणून आमच्या अहवालात गुणांच्या तक्त्याआधी ताटाची नोंद आहे, सहकाऱ्याने केलेले गट आहेत, आणि अपघाताआधी मेहताजी गाळ्यावर कोणते निर्णय एकट्याने घेत आणि आज कोणते घेत नाहीत याची शेठनी सही केलेली यादी जोडली आहे.